अंगठीला विचारलेला प्रश्न

चपलांच्या दुकानावरची खोली गच्च भरली होती. जिन्यातही माणसं उभी होती. दोरेबुवांकडे मेलेली माणसं बोलतात, अशी ख्याती. गेलेल्याची अंगठी दोऱ्याला बांधून दोन रेघांची फुली काढलेल्या कागदावर धरायची. आडव्या रेघेवर हलली तर ‘हो’, उभ्या रेघेवर हलली तर ‘नाही’. "हात तुमचा, माणूस तुमचं. मी नुसता पोस्टमन," बुवा म्हणत. एवढा गुबगुबीत पोस्टमन मी तरी पाहिला नव्हता.

माझी आठवीतली विद्यार्थिनी कोपऱ्यात उभी होती. आई गेल्यापासून तिचे वडील रोज संध्याकाळी इथे येत आणि ती घरी एकटी जेवे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने हाच विषय निवडला, तेव्हा मी विचारलं होतं, "गृहीतक काय?"

"आईच अंगठी हलवते."

"ते खोटं ठरायचं असेल तर काय दिसायला हवं?"

"बाबांचे डोळे बांधायचे. मग त्यांच्या नकळत कागद फिरवायचा. आई असेल तर ती नवी रेघ शोधेल."

"बदलणार काय?"

"फक्त कागद. अंगठी, दोरा, हात, पट्टी, प्रश्न, सगळं तेच."

बुवांनी छाती फुगवून परवानगी दिली. "बांधा की. सत्याला कसली भीती?"

डोळ्यांवर पट्टी बांधून, बायकोची अंगठी कागदावर धरून वडिलांनी विचारलं, "तू इथे आहेस ना?" अंगठी ‘हो’वर झुलली. लोकांनी हात जोडले. पोरीचा चेहरा उजळला, आणि मला वाईट वाटलं.

तिने हलकेच कागद काटकोनात फिरवला. तोच प्रश्न. अंगठी पहिल्यासारखीच आडवी झुलली; खाली आता ‘नाही’ होतं.

"आत्मा रागावला," बुवा म्हणाले.

"रागावला तरी ‘मी इथे नाही’ कसं म्हणेल? अंगठीची दिशा तीच राहिली, बदलला फक्त कागद," मी म्हटलं. "मनात आस असते तिकडे बोटं नकळत हलतात आणि दोरा तेवढंच मोठं करून दाखवतो. हिच्या वडिलांनी कुणाला फसवलं नाही. फसवलं तुम्ही, बुवा."

वडिलांनी पट्टी काढून कागदाकडे पाहिलं. "म्हणजे इतके दिवस मी एकटाच बोलत होतो?"

"मी घरीच होते, बाबा," ती म्हणाली आणि रडू लागली. गृहीतक खोटं ठरू नये, असं तिलाच सर्वांत जास्त वाटत होतं.

तरी तिने कागद फिरवला. चमत्कार दिसला की तुम्हीही एकच गोष्ट बदलून पाहा. आणि उत्तर सोसवलं नाही, तर जिवंत माणसाला हाक मारा.