तांदळाचं पहिलं पाणी

कणगीमागे सहा वस्तू होत्या. कल्हई उडालेली एक पितळी वाटी, तिच्या आतल्या कडेला बोटभर रुंदीचा पांढरा थर. मलमलीचा वीतभर तुकडा, वाळून पापडासारखा कडक झालेला. काठ फुटलेला हातआरसा. कापसाचा बोळा. शिसपेन्सिलीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. आणि जुन्या कॅलेंडरचं एक पान, त्याच्या कोऱ्या बाजूवर उभ्या रेघा ओढलेल्या. रेघा मी दोनदा मोजल्या. चव्वेचाळीस होत्या.

वाटीतला थर नखानं खरवडला. त्याची पूड झाली आणि तिला कच्च्या तांदळाचा वास आला. तोच वास तासाभरापूर्वी माझ्या बोटांना आला होता, माझ्या बहिणीच्या गालाला हात लागल्यावर. म्हणूनच मी तांदळाच्या कणगीपर्यंत पोचलो होतो.

राजमती माझ्याहून चार वर्षांनी लहान, सतरा वर्षांची. निपाणीच्या शाळेतून ती फायनल पास झाली होती आणि बेळगावच्या मुलींच्या ट्रेनिंग शाळेत तिला जागा मिळाली होती. एकच गोष्ट राहिली होती. सोमवारी तिथल्या सरकारी डॉक्टरांनी तपासून तब्येत निकोप असल्याचा दाखला द्यायचा होता. दाखला त्याच दिवशी शाळेत पोचला नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. सोमवारी सकाळी सातच्या सर्व्हिस मोटारीत आप्पांनी दोन जागा सांगून ठेवल्या होत्या.

सहा दिवसांपासून तिच्या दोन्ही गालांवर फिकट चट्टे दिसत होते. उन्हानं आले असतील, असं सगळे म्हणत होते. शुक्रवारी दुपारी ती परसात गहू निवडत बसली होती आणि आई समोर होती. एक माशी राजमतीच्या डाव्या गालावर, चट्ट्याच्या मधोमध बसली. ती हनुवटीपासून डोळ्याखालपर्यंत चालत गेली. राजमतीचा हात सुपातून उचलला गेला नाही. आईनं पदरानं माशी हाकलली, तेव्हा राजमती दचकून म्हणाली, "काय झालं गं?"

आईचं माहेर चिकोडीजवळचं. तिची चुलती राजाबाई तिथं मळ्यातल्या खोलीत बावीस वर्षं एकटी राहिली. ताट उंबऱ्याच्या आत सरकवायचं आणि मागं फिरायचं, हे काम लहानपणी आईकडं होतं. राजाबाईलाही आधी गालावर फिकट चट्टा आला होता, आणि त्यावर टोचलेलं तिला कळत नव्हतं. त्या रोगाचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. आईनं शुक्रवारीही घेतलं नाही. चुलीकडं तोंड करून ती मला एवढंच म्हणाली, की पोरीला सोमवारी पाठवायचं नाही. डॉक्टर टाचणी टोचून बघतील, कागदावर लिहितील, आणि एकदा लिहिलेलं कुणाला पुसता यायचं नाही. त्यापेक्षा जागा गेलेली बरी. आप्पा तंबाखूच्या सौद्याला सांगलीला गेले होते. ते रविवारी संध्याकाळी आले की त्यांना सांगून मोकळं व्हायचं, असं तिनं ठरवलं होतं.

मी तिच्याकडं रविवार दुपारपर्यंतची मुदत मागितली. ती हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

मी त्याच महिन्यात कोल्हापुराहून बी.एस्सी. होऊन आलो होतो. माझा विषय रसायन. डॉक्टरी मला येत नव्हती. पण वसतिगृहात एका मित्राच्या पुस्तकात वाचलेलं आठवत होतं: त्या रोगात चट्ट्यावरची हलक्या स्पर्शाची जाणीव आधी जाते. ती जाणीव मोजता येते.

शनिवारी सकाळी माजघराचं दार लावून मी राजमतीच्या डोळ्यांवर उपरणं बांधलं. कापसाची बारीक वात करून तिचं टोक कातडीला जेमतेम टेकवायचं. कळलं की तिनं 'व्हय' म्हणायचं. कधीकधी मी वात न टेकवताच थांबायचो, म्हणजे ती अंदाजानं बोलत असेल तर ध्यानात यावं. ती एकदाही उगाच 'व्हय' म्हणाली नाही. आधी मनगटाच्या वर वीस वेळा, कारण तिथली कातडी चांगली होती. मग उजवा गाल वीस वेळा, डावा वीस वेळा.

हात: एकोणीस. उजवा गाल: चौदा. डावा गाल: अकरा.

मी उपरणं सोडलं, तशी तिनं आकडे विचारले. मी सांगितले. तिनं उपरण्याची घडी घातली. मग म्हणाली, "हाताचं किती म्हणालास?" मी पुन्हा एकोणीस म्हणालो. ती उठली आणि मागच्या दारी जाऊन बसली.

उपरणं सोडताना तिच्या कानाजवळचा पांढरा भुगा माझ्या बोटांना लागला होता. चोळल्यावर त्याच्या वळ्या झाल्या. कातडीचा कोंडा असा वळत नाही. म्हणून मी कणगीमागे शोधलं होतं.

त्या सहाही वस्तू मी तिच्यापुढं मांडल्या. ती आधी रेघांचं पान उचलायला गेली, मग तिनं हात मागं घेतला.

"आईला सांगू नको, अण्णा. मास्तरीण व्हायला निघाली आणि तोंड रंगवाय लागली म्हणून अख्खी गल्ली हसंल."

हळूहळू सगळं बाहेर आलं. पलीकडच्या घरातल्या शालूबाईनं तिला सांगितलं होतं, की तांदळाचं धुवण तोंडाला लावलं की उन्हाचा काळेपणा जातो. एकोणीस दिवस ती ते लावत होती, दर वेळी पानावर एक रेघ ओढून. आधी दिवसातून दोनदा, आणि चट्टे दिसायला लागल्यावर, ते जावेत म्हणून, तीनदा. लावून वाळू द्यायचं. आईला कळू नये म्हणून नंतर पाण्याचा हबकाही मारायचा नाही, नुसतं पदरानं पुसायचं. शालूबाई पाणी रात्रभर ठेवते, हेही तिला ठाऊक होतं. पण आमच्या घरात रात्रभर ठेवून आंबवलेलं काही चालत नाही. त्यात जीव होतात. म्हणून राजमती ताजं घ्यायची, आणि पाच पाण्यांतलं पहिलं घ्यायची, कारण ते सगळ्यांत दाट असतं.

"दाट म्हंजे गुण जास्त, असं मला वाटलं," ती म्हणाली. "तुला तरी काय वाटलं असतं?"

मलाही तेच वाटलं असतं.

मी शालूबाईकडं गेलो. ती शहापूरच्या विणकरांची मुलगी, लग्न होऊन निपाणीत आलेली. तेव्हा ती पंचेचाळिशीच्या पुढची असेल, पण गालावर एक डाग नव्हता. मी धुवण मागितल्यावर ती हातातलं काम ठेवून हसायला लागली.

"एवढं शिकून आलास आणि तोंडाला लावाय पाणी मागतोस? पोरगी बघितलीस व्हय रं कुठं?"

हसून झाल्यावर तिनं मातीचं बोळकं दाखवलं. धुवण कालचं होतं आणि त्याला आंबूस वास होता. ती दुसरं पाणी घ्यायची. पहिलं म्हशीला. लावून घटकाभर ठेवायचं आणि साध्या पाण्यानं धुऊन टाकायचं. "धुतल्याबिगर ठेवलं तर तोंडाला खळ लागती की," ती म्हणाली. "मागावरच्या सुताला लावत्यात तशी. सूत कडक व्हतंय, तोंड न्हाय व्हणार?" तांदूळ कसे साठवतेस, असं मी विचारलं. निंबाचा पाला घालून, म्हणाली. मग तिचं हसू गेलं. पोरीला काय झालंय, असं तिनं दोनदा विचारलं. मी वाटीभर धुवण घेऊन घरी आलो.

आमच्याकडं निंबाचा पाला घालत नाहीत. माघात तांदूळ भरताना आई त्यांना फुललेल्या चुन्याची पूड चोळते. किडे झाल्यावर तांदूळ उन्हात टाकले तर ते तडफडून मरतात, आणि ते पाप नको, म्हणून मुळात किडा होऊच द्यायचा नाही. तिची आईही असंच करायची. भातासाठी तांदूळ पाच पाण्यांनी धुतात, त्यामुळं खाणाऱ्याला कधी काही कळत नाही.

मी मूठभर तांदूळ धुतले. एका वाटीत पहिलं पाणी, दुसरीत पाचवं, तिसरीत शालूबाईचं. तिन्हींत चिमूटभर हळद टाकली. दुसरी आणि तिसरी पिवळी राहिली. पहिली ढवळता ढवळता लालभडक झाली.

आई दारात कधी येऊन उभी राहिली, ते मला कळलं नाही.

"कुंकू करताना असंच व्हतंय," ती म्हणाली. हळदीला लाल कशानं करतात, ते तिला माझ्याआधी ठाऊक होतं. तिनं वाटीत बोट बुडवलं, दोन बोटांमध्ये ते पाणी चोळून पाहिलं, आणि मग मागच्या दारी बसलेल्या राजमतीकडं बघितलं. आता तिच्यापासून काही लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं, चव्वेचाळीस रेघांसकट. ऐकताना ती कणगीला टेकून खाली बसली.

मला वाटलं, संपलं. पण ती म्हणाली, "चुन्यानं कातडं सोलतंय, ते मला कळतंय. पण अंगावर माशी चाललेली कळंनाशी व्हती काय चुन्यानं?"

गालावर धुवणाचा थर वाळलेला होता, वात त्या थराला लागत असेल, कातडीला लागतच नसेल, असं मी म्हणालो.

"असंल म्हणतोस. हाय म्हणत न्हाईस."

ते खरं होतं. अकराचा आकडा मीच काढला होता, आणि तो कशामुळं आला, हे मला अजून सिद्ध करता येत नव्हतं. मी सांगितलं, की थर धुऊन टाकायचा, एक दिवस काही लावायचं नाही, आणि उद्या दुपारी पुन्हा मोजायचं. आईनं मान हलवली. वात मी धरायची नाही, ती धरणार. मी भाऊ आहे, माझा हात जड पडेल.

राजमती दारातून आत आली. इतका वेळ ती ऐकत होती.

"आईच धरू दे," ती म्हणाली. "डावा गाल हाताएवढा भरला न्हाय, तर मीच जात न्हाय. आप्पांना मीच सांगीन. पण भरला, तर मग कुणी मला अडवायचं न्हाय. राजाबाईचं नाव काढायचं न्हाय."

आई कणगीला हात टेकून उठली. मग म्हणाली, "बरं."

त्या संध्याकाळी राजमतीनं कोमट पाण्यानं चार वेळा तोंड धुतलं. पहिल्या पाण्यात पांढरे तुकडे तरंगत होते. आईनं तिच्या गालांना खोबरेल लावलं. सूर्य मावळायच्या आत आम्ही जेवलो. तिघांपैकी कुणीही भात दुसऱ्यांदा घेतला नाही.

रविवारी सकाळी तेलही धुऊन टाकलं. चट्टे होते. शनिवारपेक्षा लहान, असं मला वाटलं, पण मी ते मापलं नव्हतं, म्हणून बोललो नाही. कडेला कातडी लाल झाली होती आणि सोलत होती. आई दिवसभर घरात इकडून तिकडं करत राहिली. तिनं दोनदा राजमतीची पेटी उघडली आणि आत काही न ठेवता बंद केली.

तीन वाजता आम्ही माजघरात बसलो. मी चुलीच्या बाजूला, वही मांडीवर घेऊन. उपरणं राजमतीनं स्वतः बांधलं. वात कशी टेकवायची, ते मी आईला माझ्या मनगटावर दाखवलं. वात धरताना तिनं दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट धरलं.

आईनं आधी हात घेतला. ती माझ्यापेक्षा जास्त वेळ थांबायची, वात कातडीपासून तांदळाएवढ्या अंतरावर धरून. राजमतीचं 'व्हय' दर वेळी उशिरा आल्यासारखं वाटायचं, पण यायचं. मग उजवा गाल. सतराव्या वेळी बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला. सांगलीहून येणारी मोटार आज लवकर आली होती. आईचा हात थबकला. स्टँडपासून आमच्या घरापर्यंत चालत दहा मिनिटं लागतात. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी बोटानं वहीतली पुढची कोरी जागा दाखवली आणि तिनं उरलेले तीन पुरे केले.

डाव्या गालाला ती चट्ट्याच्या मधून सुरू झाली, जिथून माशी चालली होती. पहिल्यांदा वात टेकली, आणि राजमती काही बोलली नाही. आईचे ओठ मिटले. मी वहीत शून्य लिहिलं. दुसऱ्यांदा वात टेकली.

"व्हय."

तिसऱ्यांदा आई नुसती थांबली, वात न टेकवता, जवळजवळ पंधरा आकडे मोजेपर्यंत. राजमतीनं दोन्ही हातांनी गुडघे धरले होते. ती काही बोलली नाही. मग वात टेकली.

"व्हय."

त्यानंतर मी वर बघितलं नाही. तो आवाज ऐकायचो आणि रेघ ओढायचो. अंगणाचं फाटक वाजलं, आप्पांनी पाय धुवायला रांजणातलं पाणी घेतल्याचा आवाज आला, आणि त्यांनी राजमतीला हाक मारली. कुणी ओ दिली नाही. वीस झाल्यावर आईनं वात खाली ठेवली. राजमतीनं डोळ्यांवरचं उपरणं तसंच ठेवलं आणि आकडे विचारले. मी वहीतून वाचले.

हात: वीसपैकी एकोणीस. उजवा गाल: वीसपैकी वीस. डावा गाल: वीसपैकी एकोणीस.