झांज कुठे गेली

मी एक जुना हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर आहे. मित्रांनो, जे हाती आलं ते जसंच्या तसं पुढे द्यावं, पदरचं काही घालू नये आणि कुणाचं काही ठेवून घेऊ नये, इतकी सचोटी माणसांत तर सोडाच, वस्तूंतही विरळ. ती माझ्यात आहे. माझ्या झाकणावर मोठ्या लाल अक्षरांत 'शुद्ध तुपातील गजक' असं तिळाच्या मिठाईचं नाव छापलेलं आहे. आत गजक नाही.

माझं काम सोपं. कॅसेटच्या डेकमधून किंवा मोबाइलमधून निघणारा आवाज अशक्त असतो, चांगल्या जाडजूड हेडफोनला तो पुरत नाही. मी त्याच्या अंगात बळ भरतो आणि त्याला कानापर्यंत पोचवतो. असे डबे दुकानातही मिळतात, पण विकत आणलेला डबा लावून ऐकणाऱ्याला आमच्याकडे माणसात धरत नाहीत.

आमच्याकडे म्हणजे ग्वाल्हेरात, खासगी बाजार नावाच्या वस्तीत, सदाशिवरावांच्या घरी. सदाशिवराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर लोकांचे आवाज जोडून दिल्यावर त्यांना स्वतः काहीतरी ऐकावंसं वाटू लागलं. दर रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळेला तिघं जण आपापले डबे पिशवीत घालून त्यांच्याकडे येत. पहिले कान्होजी, पाटणकर बाजारात पंख्यांच्या जळलेल्या मोटारींत तार भरून देणारे. दुसरे संग्रामसिंह, बिड़ला नगरातले; वडील गिरणीत फिटर होते, त्यांची हत्यारं आता यांच्याकडे. तिसरी स्मृती, कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी; तिला तिच्या विद्यार्थ्यांपेक्षा या तीन म्हाताऱ्यांचा अभ्यास बरा वाटे.

माझा जन्म या चौघांच्या हातून झाला. स्मृतीने नकाशा काढला. संग्रामसिंहांनी गजकच्या डब्याला भोकं पाडली. कान्होजींनी ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळला. वेढे मोजताना पोहे आले, मोजणी चुकली, त्यांनी सगळा उलगडून पहिल्यापासून गुंडाळला आणि पोहे गार झाले म्हणून वर कुरकुरही केली. सोल्डरिंग सदाशिवरावांचं. मी पहिल्यांदा चालू झालो तेव्हा माझ्यातून काहीच आवाज आला नाही, घरघरसुद्धा नाही. चौघांच्या डोळ्यांत पाणी आलं. शांत राहिल्याबद्दल एवढं कौतुक मी नंतर कुणाचं झालेलं पाहिलं नाही.

या मंडळींची एक रीत होती. दोन डबे टेबलावर ठेवायचे, वर टॉवेल टाकायचा, एकाच हेडफोनने आळीपाळीने दोन्ही ऐकायचे आणि चिठ्ठीवर 'डावा' किंवा 'उजवा' लिहायचं. चिठ्ठ्या उघडल्यावर टॉवेल काढायचा. सलग तीन रविवार चारही चिठ्ठ्या माझ्या बाजूने पडल्या. कान्होजी डोळे मिटून म्हणाले, "अरे यार, तबलेवाल्याच्या मागची भिंत ऐकू येतेय!"

"भिंतीला पोपडे आलेत, तेही ऐकू येतात का?" आतून वनमालाकाकू म्हणाल्या.

काकू म्हणजे सदाशिवरावांच्या पत्नी. त्यांचा आवाज असा होता की त्यांनी पोह्यांना लिंबू मागितलं तर दोन घरांतून लिंबं येत. रविवारची मंडळी त्यांना हसत, त्या मंडळींना हसत. त्यांचा आवाज टिपून ठेवावा असं कुणाच्याच मनात आलं नाही. तो घरात सारखा असायचाच.

या मंडळींचा एक नियमही होता, आणि पुढे जे झालं ते त्याच्यामुळे. फार पूर्वी एका रविवारी कान्होजी संग्रामसिंहांना म्हणाले होते, "गिरणीशेजारी राहून तुमचे कान खराब झालेत, तुम्ही चिठ्ठी टाकूच नका." संग्रामसिंह चार महिने आले नाहीत. तेव्हापासून ठरलं: कुणाच्या डब्याला, वायरीला, आवडीला काय वाटेल ते म्हणा, पण माणसाच्या कानाला बोलायचं नाही.

मग गेल्या श्रावणात काकूंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. उरली फक्त कुजबुज. त्या कानाशी येऊन बोलत. इतरांचं बोलणं मला टेबलावरून ऐकू येई, पण काकूंची कुजबुज माझ्यापर्यंत पोचत नसे.

सदाशिवरावांनी ट्रंक उपसली आणि एक कॅसेट काढली. वर काकूंच्या अक्षरात 'वनमाला, गणेशोत्सव' असं लिहिलेलं होतं. लग्नाच्या आधीची. ती लावून त्यांनी हेडफोन चढवले. माझ्यातून एका बाईचा गोड, भरलेला आवाज गेला, मागे पेटी आणि झांज. सदाशिवरावांनी डोळे मिटले. गाल ओले झाले, ते त्यांनी पुसले नाहीत.

काकू आल्या. थोडा वेळ बघत राहिल्या, मग हसून त्यांच्या कानाशी वाकल्या. त्यांनी हेडफोनची एक बाजू वर उचलली. काकू काहीतरी बोलल्या. "हो, हो," सदाशिवराव म्हणाले आणि हेडफोन पुन्हा लावून डोळे मिटले. काकू तशाच उभ्या राहिल्या. हसू कधी गेलं ते मला दिसलं नाही. मग त्या आत गेल्या.

त्यानंतर त्या टेबलापाशी फारशा आल्या नाहीत. सदाशिवराव रोज ती कॅसेट लावत. रविवारी मंडळीही ऐकत. "काय गळा होता काकूंचा!" कान्होजी म्हणत. संग्रामसिंह म्हणत, "वरच्या सुरावर बघा, थरथर नाही." मी सगळं इमानदारीने पुढे देत होतो.

दसऱ्याच्या सुमाराला सदाशिवरावांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"झांज कुठे गेली?"

"आहे की," कान्होजी म्हणाले.

"नाही. आधी होती. वरच्या सुरांचा सगळा पट्टा गेलाय. याचे कंडेन्सर म्हातारे झाले."

माझे कंडेन्सर बदलले. मग वायरी, मग व्हॉल्यूमचा खटका. माझ्या पोटात इतके हात गेले की मला स्वतःची ओळख पटेना. झांज मी पहिल्या दिवसापासून देत होतो, प्रत्येक ठोका. पण मित्रांनो, अ‍ॅम्प्लिफायरला एक आत जायचं भोक असतं आणि एक बाहेर यायचं. स्वतःचं म्हणणं मांडायला तिसरं नसतं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी स्मृतीने कॉलेजातून सूर काढायचं यंत्र आणलं. माझ्यातून एकच सूर सोडायचा आणि हळूहळू चढवत न्यायचा. माझ्या बाहेरच्या भोकाला चार फाट्यांची वायर जोडून चौघांनी एकेक हेडफोन लावला. सूर चढला. बारीक झाला, अणकुचीदार झाला. कान्होजींनी तोंड वेडंवाकडं केलं. संग्रामसिंहांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

सदाशिवराव हात मांडीवर ठेवून शांत बसले होते. चेहऱ्यावर वाट पाहणाऱ्याचं हसू होतं.

"अगं, चालू कर की," ते म्हणाले.

स्मृतीने कान्होजींकडे पाहिलं, कान्होजींनी छताकडे. नियम सगळ्यांना पाठ होता.

"काका," स्मृती म्हणाली, "अ‍ॅम्पच गडबड करतोय."

"बघा! मी केव्हाचा सांगतोय!"

असं माझ्यावर आलं. त्यांनी माझ्यात सर्किटची एक जादा पाटी बसवली. तिच्यामुळे बारीक आवाज कितीतरी पट वाढून बाहेर पडू लागले. झांज आता परातीसारखी वाजे. इतरांना ते दोन मिनिटं ऐकवेना, सदाशिवराव मात्र टाळ्या वाजवत म्हणाले, "आली, आली! आता खरा आवाज आला!" पदरचं कधी काही घातलं नाही म्हणून सुरुवातीला मिरवलं, तो मीच. मंडळींनी हे प्रेमापोटी केलं. ते खोटं चार महिने चाललं, आणि वाजत मी होतो.

त्या चार महिन्यांत घरात काय होतं ते सांगतो. काकू पूजेची घंटी वाजवून हाक मारत, सदाशिवरावांना ऐकू येत नसे. कुजबुजल्या तर ते "हो, हो" म्हणत. त्यांची समजूत अशी की डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे, म्हणून वनमाला गप्प असते. बाजारातून काय आणायचं ते काकू पाटीवर लिहून दाखवत. बाकीचं त्या लिहीत नसत. नवरा बायकोचं ऐकत नाही हा काही आजार आहे असं गल्लीत कुणाला वाटायचं कारण नव्हतं.

होळी झाली आणि गाठ परत आली. डॉक्टरांनी सोमवार दिला. या वेळी आख्खा गळा उघडायचा होता, आणि त्यानंतर कुजबुजही उरणार नव्हती. रविवारी संध्याकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं ठरलं. तरीही सकाळी मंडळी आली, पोहेही झाले. स्मृती बशा उचलायला आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"काका, हेडफोन काढा."

"काय झालं?"

"अ‍ॅम्प एकदम ठीक आहे. पहिल्यापासून ठीक होता. तुमचे कान गेलेत, काका. आम्हाला दिवाळीपासून माहीत आहे."

"स्मृती! नियम!" कान्होजी ओरडले.

"भाड़ में गया नियम! काकू आत काय म्हणाल्या माहीत आहे? 'सगळ्या जगाचं ऐकतात, फक्त माझं ऐकत नाहीत.' त्यांना तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. आज. उद्या सांगता यायची नाही."

सदाशिवरावांनी तिघांकडे पाळीपाळीने पाहिलं. संग्रामसिंहांनी मान खाली घातली. तेवढ्याने त्यांना पटलं.

स्मृतीच्या पिशवीत वर्गात लावायचा छातीवरचा छोटा माइक होता. तिने कॅसेटच्या डेकची वायर काढून माझ्यात तो जोडला, मध्ये जोर वाढवायला सर्किटची एक छोटी पाटी लावली आणि माइक काकूंच्या हातात दिला. काकू खुर्ची ओढून समोर बसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची कुजबुज माझ्यातून गेली. जादा पाटीने ती वाढवली. त्या पाटीचा एवढा एकच उपयोग झाला.

"अहो. ऐकू येतंय?"

सदाशिवराव दचकले. "तू बोलतेस?"

"सात महिने बोलतेय."

काकूंना वेळ घालवायचा नव्हता.

"ती कॅसेट. त्यात गातेय ती मी नाही. शालिनीताई आहे."

शालिनीताई म्हणजे काकूंची इंदूरची मावसबहीण. बाकी तिघांना हे ऐकू येत नव्हतं, ते सदाशिवरावांच्या तोंडाकडे बघत होते.

"मी पेटीवर आहे," काकू म्हणाल्या. "कॅसेट माझी म्हणून वर माझं नाव. पहिल्याच दिवशी हसत हसत सांगितलं तुम्हाला. तुम्ही 'हो, हो' म्हणालात आणि डोळे मिटून परत तिचंच ऐकत बसलात. मला वाटलं, माझा आवाज गेला तर आता यांना तिचा बरा वाटतो."

"मला ऐकूच आलं नव्हतं गं."

"ते आज कळलं. मी दिवाळीभर रुसले होते. तेही तुम्हाला कळलं नाही."

"मला वाटलं डॉक्टरांनी..."

काकू हसल्या. त्यांचं हसू म्हणजे नुसती हवा होती, पण माझ्यातून ते चांगलं गेलं.

"बरं, आता खरं सांगा. कशी गाते शालिनीताई?"

सदाशिवरावांनी नाक पुसलं. "झांज चांगली आहे," ते म्हणाले.

पाच वाजेपर्यंत काकू बोलत होत्या. दूधवाल्याला काय सांगायचं, औषधाची चिठ्ठी कुठल्या डब्यात आहे, तिखट कुठल्या बरणीत आणि हळद कुठल्या. मधेच म्हणाल्या, "नुसतं नाव घेऊन हाक मारा ना एकदा." त्यांनी मारली. "ओ," काकू म्हणाल्या. मंडळी भिंतीला टेकून बसली होती, कुणी घरी गेलं नाही. मग रिक्षा आली.

ऑपरेशन नीट झालं. काकू घरी आल्या, बऱ्या आहेत, पोहे करतात. बोलत नाहीत. महिन्याभराने सदाशिवरावांना श्रवणयंत्र मिळालं. आता त्यांना घंटी ऐकू येते, झारा ऐकू येतो, काकूंच्या पाटीवर खडू चालतो तोही ऐकू येतो. यंत्रावर हेडफोन घातले की शिट्टी वाजते, म्हणून मी फळीवर आहे. माझ्यात अर्धी जागा रिकामी होती, तिथे यंत्राचे सेल ठेवतात. मंडळी अजून येतात. डब्यांवर टॉवेल मात्र आता टाकत नाहीत.

मित्रांनो, माझी धूळ पुसा असं मी म्हणणार नाही. मी पत्र्याचा आहे, मला धूळ चालते. एवढंच सांगतो की कुणी कानाशी येऊन काही बोललं आणि ते कळलं नाही, तर 'हो' म्हणू नका. पुन्हा विचारा. तिसऱ्यांदाही विचारा. चांगल्या माणसांना त्याचा राग येत नाही.

शालिनीताईची कॅसेट कपाटात नीट ठेवलेली आहे. काकूंचा आवाज कुठेच नाही. त्या रविवारी डेकपाशी एक कोरी कॅसेट होती आणि मंडळींच्या खिशांत चार मोबाइल होते. रेकॉर्डचं बटण कुणी दाबलं नाही.