न बोलणारा पहारेकरी

शालनताईंनी चष्मा कपाळावर सारला आणि कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला.

"मावशी, तो पंख्याचा आवाज आहे," उत्तरेश्वर म्हणाला. "अँटीव्हायरसचा नाही."

"तेच म्हणतेय. पंखा निदान घरघरतोय. तुझा अँटीव्हायरस सहा महिन्यांत एकदा खोकला पण नाही."

उत्तरेश्वरचं कर्वेनगरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. हा नवा प्रोग्रॅम त्यानेच टाकून दिला होता.

"जुना बरा होता. दिवसातून दहादा लाल चौकट काढून बोंबलायचा. जागा आहे, एवढं तरी कळायचं."

"काकांनीच तक्रार केली ना, पत्ते खेळू देत नाही म्हणून? हा शांत आहे. बाहेरून शिरणाऱ्याला अडवणारी फायरवॉल पण यातच आहे. काम करतो, बोलत नाही."

"न बोलता काम करणारा, आणि पुण्यात? दाखव बघू."

एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली होती. मुकी लाईन म्हणजे तुटलेली लाईन, हे त्यांच्या कानात मुरलं होतं. शिवाय शेजारच्या कौशल्याबाईंकडे सकाळी व्हायरस शिरला आणि दुपारपर्यंत नातवाचे बाराशे फोटो खाऊन ढेकर देऊन बसला. फोटो खरं तर चाळीसच होते. पण शालनताईंच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत त्यांचे बाराशे झाले होते.

त्यांचा स्वतःचा जीव अडकला होता तो 'लोणची' नावाच्या फोल्डरमध्ये. त्यात लोणच्याची एकही कृती नव्हती. त्यांच्या लेकीची, आम्रपालीची, मेलने आलेली त्रेसष्ट पत्रं होती आणि तिच्या मुलीचे फोटो. मेलचा डबा इवलासा. भरला की जुनं पुसावं लागे. त्यामुळे ती पत्रं आता जगात फक्त इथेच होती. आम्रपालीने टोरांटोला परस्पर लग्न केलं आणि मग कळवलं, तेव्हा तिच्या वडिलांनी, रामदासरावांनी, फोन खाली ठेवला. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी लेकीचं नाव घेतलं नव्हतं, आणि शालनताईंनीही घरात घेतलं नव्हतं.

उत्तरेश्वरने दोन-तीन ठिकाणी क्लिक केलं. एक लांबलचक यादी उघडली.

"हे बघा. मुका आहे, पण लिहून ठेवतो. सव्वीस वेळा व्हायरस पकडलाय. साफ केला, फाईल शाबूत."

"सव्वीस?" शालनताई खुर्ची ओढून पुढे सरकल्या. "आले कुठून?"

"फ्लॉपीतून. सायबर कॅफेतली मशीनं आजारी असतात. तिथे फ्लॉपी घातली की रोग सोबत घरी येतो." तो यादी खाली सरकवत गेला. "गंमत बघा, दर गुरुवारी. सव्वाचारच्या सुमाराला."

गुरुवारी चार ते पाच शालनताई विहारात महिला मंडळाला असत.

"फाईलचं नाव काय?"

"अम्मू एक. अम्मू दोन. ही परवाची, अम्मू सव्वीस. पत्रं दिसतायत कुणाची तरी. उघडू?"

शालनताईंनी माऊसवरचा त्याचा हात बाजूला केला. आम्रपालीला अम्मू म्हणणारं जगात एकच माणूस होतं. त्यांनी कपाळावरचा चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा पुसला.

दाराच्या कुलपात किल्ली फिरली. उत्तरेश्वर वळायच्या आत शालनताईंनी स्वतःच यादी बंद केली.

रामदासराव दुधाची पिशवी घेऊन आत आले. "काय, सापडला का चोर?"

उत्तरेश्वरने तोंड उघडलं.

"कसला चोर," शालनताई आधीच म्हणाल्या. "काही नाही सापडलं."

"मी म्हणत होतो. उगाच संशय." त्यांनी पडद्याकडे एक नजर टाकली आणि पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"मग मावशी," उत्तरेश्वर हळूच म्हणाला, "जुना परत टाकू का? ओरडणारा?"

"नको. हाच राहू दे."

एक्सचेंजमध्ये पहिल्याच दिवशी वरिष्ठ बाईंनी शिकवलं होतं: लाईनीवर काहीही ऐकू येवो, आपल्याला कान नाहीत. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी ती सवय मोडली नव्हती.

"अहो," त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने आवाज दिला, "मंडळाचं काम वाढलंय. या गुरुवारपासून मला यायला सहा वाजतील."