भुवईवरचं पीठ

बावीस वर्षं भट्टीवाला मैद्याचं पोतं झोपलेलं लेकरू उचलावं तसं अलगद उचलत आला होता. यंदा मात्र ते मधेच टेकवावं लागू लागलं. चव्वेचाळीसाव्या वर्षी माणसाचं असं व्हावं? घरी आला की बोलणं तुटक, जेवण अर्धंमुर्धं, आणि बायको शेजारी येऊन आडवी झाली की याचं तोंड भिंतीकडे. देवापुढे हात जोडताना बायको त्याच्यासाठी दोन शब्द जास्त बोलायची. पण देवाला सांगून गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हती. हाताला धरून तिने त्याला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी कामधंदा विचारला. "पावाची बेकरी आहे," एवढंच हा म्हणाला. रक्ताच्या तपासण्या लिहून मिळाल्या, त्यात एक टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी संप्रेरकाची. "रक्त सकाळी आठच्या आत द्यायचं, उपाशीपोटी."

भट्टीवाला वेळेचा पक्का. रात्रभर पाव काढले, शेवटचा ट्रे गाडीत चढवला आणि तो थेट रक्त द्यायला गेला. रांगेत पहिला! आकडा मात्र आला पार तळाचा.

"एका आकड्यावरून काही ठरत नाही. पुन्हा एकदा सकाळी तपासू," डॉक्टर म्हणाले. पण याने हातपाय गाळले ते गाळलेच. तो कागद चौपदरी घडी करून खिशात घेऊन हिंडायचा.

त्यात मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, बेकरीत हाताखाली, उरलेला वेळ व्यायामशाळेत दंड फुगवणारा. कागदाचा वास त्याला लागलाच. एक दिवस त्याने टेस्टोस्टेरॉनच्याच इंजेक्शनची बाटली आणून ठेवली.

"दाजी, ही एक टोचली ना, की भट्टीसकट उचलाल."

"आधी तुझ्या अकलेला टोच एक," बहीण म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलीय का?"

"अगं ताई, डॉक्टर काय, तपासतच बसतात."

भट्टीवाल्याने ती फळीवर सरकवून दिली. पण दुसऱ्या तपासणीला निघताना बाटली त्याच्या खिशात होती. आजचा आकडाही तसाच आला तर कुणाला न विचारता टोचून घ्यायची, हे त्याचं ठरलं होतं.

रक्त काढणाऱ्या बाईंनी दंडाला पट्टा आवळला आणि त्या थबकल्या.

"भुवयांवर पीठ आहे तुमच्या."

"भट्टीवरून सरळ आलो."

"मग झोपलात कधी?"

"घरी जाऊन झोपेन की. आठच्या आत यायचं होतं ना?"

"मागच्या वेळीही असेच आलात?"

"अगदी असाच. वेळ चुकवली नाही."

बाईंनी पट्टा सोडला. सुई परत ठेवली. "दादा, नुसतं घड्याळ पाळून नाही चालत. हे टेस्टोस्टेरॉन झोपेत भरून येतं. माणूस झोपून उठला की तपासायचं, म्हणून सकाळ सांगतात. तुम्ही तर रात्रभर जागून आलाय."

भट्टीवाला बघतच राहिला. "म्हणजे पीठ फुगायच्या आधीच मी ते भट्टीत सारलं?"

"मला त्यातलं कळत नाही. पण तसंच असावं," त्या हसल्या आणि डॉक्टरांना फोन लावून दिला.

"चूक माझीही," डॉक्टर म्हणाले. "रात्री काम करता का, हे मी विचारायला हवं होतं. चार रात्री सुट्टी घ्या, झोपा, मग या." भट्टीवाल्याने चाचरत बाटलीचं सांगून टाकलं. "नका घेऊ! गरज नसताना बाहेरून ओतलं, की शरीर स्वतःचं बनवणं सोडतं. आयती धग मिळाल्यावर चूल कोण पेटवेल?"

चार रात्री मेहुण्याने भट्टी सांभाळली. पहिल्या दिवशीचे पाव बहिणीने दाबून पाहिले. "पाव आहेत की तुझे दंड? दबतच नाहीत." एरवी तो उलटून बोलला असता. त्या दिवशी डोळे चोळत एवढंच म्हणाला, "ताई, दाजी हे बावीस वर्षं रोज करतायत?" बाटली त्याने मुकाट्याने परत घेतली.

इकडे भट्टीवाला ढाराढूर झोपला. घोरण्याने फडताळातली भांडी वाजली, तेही बायकोने डॉक्टरांच्या कानावर घातलं.

नवा आकडा ठीक निघाला. बैलाचा नव्हे, पण चांगल्या धडधाकट माणसाचा. एकावर विसंबायचं नाही म्हणून आठवड्याने पुन्हा, रात्रीची झोप झाल्यावरच, पाहिला, तोही तसाच. झोप पुरी करा, सुटलेलं पोट उतरवा, घोरण्याचीही तपासणी करून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं. मेहुण्याने आपणहून आठवड्यातल्या तीन रात्री मागून घेतल्या.

भट्टीवाला पुन्हा त्या बाईंच्या खोलीत गेला.

"आज कसली तपासणी?"

"तपासणी नाही. त्या दिवशी तुम्ही पट्टा सोडलात..." त्याने ताज्या पावांची पिशवी टेबलावर ठेवली. "नीट फुगलेत," तो म्हणाला.

दुपारी बायको शेजारी येऊन आडवी झाली, तेव्हा त्याची भिंतीकडे पाठ होती.

"अहो, अजून पीठ राहिलंय," ती म्हणाली आणि तिने बोटाने त्याची भुवई पुसली. मग तिने देवाला क्षणभर हात जोडले.