तुझंच बरोबर, टाचणे

“तुझा दादा हल्ली भांडत नाही गं माझ्याशी,” दुकानवाले काका म्हणाले होते. “मागच्या खेपेला आला, अंक घेतला, पिशवीत टाकला आणि निघाला. मुखपृष्ठाला नावंसुद्धा ठेवली नाहीत. जरा बघ त्याच्याकडे.”

तिच्या एका खांद्यावर बाळ होतं, दुसऱ्यावर बाळाची पिशवी. “बरं झालं की काका, तुमच्या डोक्याला तेवढाच आराम,” असं म्हणून ती बाबागाडीचं चाक पायरीवरून उतरवायच्या मागे लागली.

काकांचं दुकान कॉमिक्सचं. काउंटरमागे लाकडी खणांची भिंत, नेहमीच्या गिऱ्हाइकाचा एकेक खण. नवा अंक आला की काका तो ज्याच्या त्याच्या खणात सरकवून ठेवायचे. तिचा आणि दादाचा खण शेजारी शेजारी होता, अगदी शाळेत होते तेव्हापासून. दोघंही एकच वाचायची, ‘लोलक’.

लोलक हा साधा घड्याळजी. पण त्याने श्वास रोखला की भोवतालचं जग थांबतं. पडणारी वीट हवेत थांबते, सुटलेली गोळी थांबते, रडणाऱ्याचं तोंड उघडंच राहतं. दम संपला की सगळं पुन्हा चालू. ही मालिका दोघांच्या जन्माआधीपासून निघत होती. चित्रकार बदलले, लेखक बदलले, लोलकच्या कोटाची बटणं बदलली, तरी संपायचं नाव नाही. एवढी लांबलचक गोष्ट वाचणारे लोक ती पर्वापर्वाने लक्षात ठेवतात, आणि आपलं आवडतं पर्व दुसऱ्याच्या गळी उतरवण्यात आयुष्य घालवतात.

दादाचं आवडतं पर्व ‘पाताळ’. शहराखाली गाडला गेलेला लोलक एकटा, नखांनी माती उकरत वर येतो. तिचं आवडतं ‘रिकामा कोट’. त्यात लोलक नाहीच. तो नाहीसा झालाय, आणि शहरातली माणसं आळीपाळीने त्याचा कोट घालून जमेल तसं निभावून नेतात.

“नायकच नाही, मग वाचायचं काय? कोट?” दादा म्हणायचा.

“माणसं वाचायची. तुला कळायचं नाही ते, दगडा.”

“टाचणे, तुझ्यासारखे वाचक आहेत म्हणून मालिका बुडीत चाललीय.”

लहानपणापासून ती टोचून बोलते, म्हणून टाचणी. दादा चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायचं काम करायचा. दिवसभर मशीनसमोर, बोटांना पांढरी भुकटी. संध्याकाळी फोन करायचा आणि ‘हॅलो’सुद्धा न म्हणता कालच्या मुद्द्यावरून पुढे भांडायला लागायचा. तिच्या लग्नात, नवरा शेजारी उभा असताना, दोघांची पाताळावरून जुंपली होती. बाळ झालं तेव्हा दवाखान्यात येऊन त्याने आधी बाळाच्या कानात सांगितलं, “आईचं ऐकू नकोस, पाताळच भारी.”

बाळ झाल्यापासून तिला एकच काम होतं, बाळाचा श्वास बघणं. दूध, लंगोट, ताप, शी, सगळं ती नेमाने करायची आणि मधेमधे पाळण्यावर वाकून छाती वरखाली होतेय ना ते बघायची. आत मात्र काही हलत नव्हतं. कोणी “कशी आहेस?” विचारलं तर ती “छान” म्हणायची. वाईट वाटायलाही अंगात त्राण लागतं. ते नव्हतं.

अशाच एका दुपारी दादाचा फोन आला. ती बाटल्या उकळत होती, म्हणून तिने फोन ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला.

“टाचणे, मी विचार केला,” तो म्हणाला. “तुझंच बरोबर. रिकामा कोटच सगळ्यात चांगलं.”

“काय?”

“लोलक नसताना शहर छान चालतं. उगाच परत आणला त्याला. तिथेच संपवायला हवं होतं.”

“अहाहा! परत बोल. थांब, याला बोलावते. अरे ऐकतोयस का, दादा हरला!”

नवरा दाराशी आला. “काय रे, तब्येत बरी आहे ना?” त्याने थट्टेत विचारलं.

“मजेत,” दादा म्हणाला. “पिल्लूला पापी दे.” आणि फोन ठेवला.

ती रात्रीपर्यंत त्या विजयावर खूश होती. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं होतं, म्हणून त्याचंही अप्रूप. त्याने सांगितलं ते तिने कॉमिक्सबद्दलचंच धरलं. ती दोघं आयुष्यभर दुसरं काही बोललीच कुठे होती? वडील गेले तेव्हासुद्धा दोघं जिन्यात बसून लोलकच्या आईच्या मरणावरच तर बोलत राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा अंक घ्यायला ती दुकानात गेली. काकांनी तिच्या खणातला अंक काढून दिला. शेजारच्या खणात चार-पाच अंक आडवे पडून होते.

“हे दादाचे?”

“आता तर न्यायलाही येत नाही गं. मी तुला म्हटलं होतं, बघ त्याच्याकडे.”

तिने नव्या अंकाचं मुखपृष्ठ पाहिलं. खुंटीवर कोट, खाली कोणी नाही. लोलक नसताना शहर छान चालतं. वाक्य तेच होतं, आवाजही कालचाच. फक्त काल ते तिने ऐकलं नव्हतं.

“काका, बाबागाडी इथेच राहू दे,” ती म्हणाली, आणि बाळाला छातीशी धरून निघाली.

रस्त्यात ती घाबरली नाही, रडली नाही. सिग्नलला थांबली. समोरच्या खिडकीत एक बाई काच पुसत होती, ती हाताने साबण कसा ओढते तेही तिने नीट पाहिलं. आपण श्वास घेत नाही आहोत हे दादाच्या जिन्यात आल्यावर लक्षात आलं.

दार बराच वेळ उघडलं नाही. मग उघडलं.

दाढी वाढलेली, अंगात कामावरचाच शर्ट. भरदिवसा दिवा चालू. टेबलावरच्या चहावर जाड साय. खोली मात्र आवरलेली. लोलकचे सगळे जुने अंक दोरीने बांधून दाराशी ठेवले होते, आणि वरच्या गठ्ठ्यावर त्याने खडूने लिहिलं होतं, ‘टाचणी’.

“हे का?” तिने विचारलं.

“तुला हवे होते ना.”

“मला पाताळ नकोय. ते तुझं आहे.”

तो आत वळला. पलंगाच्या कडेवर बसला. मग सरळ, काचेचा नंबर सांगावा तसं, म्हणाला, “उद्या आली असतीस तर दार उघडायला कोणी नसतं.”

कवटाळावं, ओरडावं, काहीच आतून येईना. मग तिने बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं.

“धर. मान सांभाळ. मी तुझे कपडे भरते.”

“टाचणे—”

“ब्रश कुठाय तुझा?”

“मोरीत.”

दोन हात गुंतले होते म्हणून असेल, तो बसून राहिला. बाळाने त्याची भुकटी लागलेली बोटं धरली. तिने कपडे भरले, दिवा बंद केला, दोघांना खाली आणलं आणि नवऱ्याला फोन केला, “सुट्टी टाक. दवाखान्यात जायचंय. दादाला घेऊन. आणि बहुतेक मलाही दाखवायचंय.”

आता दादा तिच्याच घरी असतो. गोळ्या चालू आहेत, डॉक्टरीणबाईंकडे बोलायला जातो. तीही जाते, वेगळ्या दिवशी. फार काही बदललं आहे असं तिला वाटत नाही. दिवस येतो, बाटल्या उकळतात. फक्त आता ती दोघांचा श्वास बघते, पाळण्यातला आणि सोफ्यावरचा.

परवा जेवताना दादा एकदम म्हणाला, “तुझा कोट भिकार आहे.”

नवऱ्याचा घास तोंडाशीच राहिला. तिने शांतपणे त्याच्या ताटात भात वाढला. “आणि तुझं पाताळ?”

“पाताळही जरा लांबलंच,” तो म्हणाला. मग भात कालवत, “खिळ्याचं काय झालं गं?”

लोलकच्या वाचकांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यात ‘गंजका खिळा’ नावाने एक जण दोघांशीही कडाकडा भांडायचा. त्याचं म्हणणं, ‘दोन लोलक’ हेच खरं पर्व, आणि त्यातला दुसरा लोलकच खरा. तिने ग्रुप उघडून वर सरकवत नेला. शेवटी खिळ्याने लिहिलं होतं, ‘तुम्हा सगळ्यांचंच बरोबर आहे. वाद मिटवा.’ त्याखाली लोकांनी हसरे चेहरे टाकले होते. त्यानंतर तो काही बोललेला नाही. फोन लागत नाही. खरं नाव, पत्ता कोणालाच ठाऊक नाही.

ग्रुपवरच्या त्याच्या जुन्या व्हॉइस मेसेजवरून एवढंच कळतं, की तो शीतगृहात कामाला आहे, घरीसुद्धा लोकरी टोपी घालतो, हसताना खोकतो, आणि घरात एकटा असतो. म्हणून ही गोष्ट वाचणाऱ्या तुम्हाला विचारायला तिने मला सांगितलंय. असा कोणी तुमच्या जिन्यात राहतो का? राहत असेल तर फोन नका करू, लागला तरी तो ‘मजेत’ म्हणेल. वर जा, बेल दाबा आणि दार उघडेपर्यंत तिथेच उभे राहा. उघडलं की म्हणा, दुसरा लोलक खोटा होता.