करंगळीला मनाई

श्रीवर्धनच्या आळीत ती पैज लागली एका करंगळीवरून.

माधव अंगणात सोललेल्या सुपारीची रास घेऊन बसला होता. चांगली डावीकडे, किडकी उजवीकडे, तेही डोळे मिटून. किड्याचं भोक टाचणीच्या टोकाएवढं असलं तरी त्याच्या बोटांना लागायचं. त्याच्या हाताखालून गेलेली गोणी व्यापारी उघडूनसुद्धा बघत नसत. गडी एरवी पक्का चालू. लोकांच्या चपला एकमेकांच्या दारात बदलून ठेवणारा. पण सुपारीच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे शब्द.

कुंपणापलीकडून सत्यवतीबाई बघत होत्या. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. वय सत्तर. अर्ध्या आळीला चौथीत त्यांनी शिकवलेलं, माधवला दोन वर्षं.

"माधवा, करंगळीने का रे चाचपतोस?"

"स्टाईल आहे, बाई."

"कॉपी करताना पण तुझं तोंड अस्संच व्हायचं. परवा गरम पातेलं उचललंस, बोटाला फोड आला तरी तुला पत्ता नाही. सरोजिनीने सांगितलं मला."

दारातली सरोजिनी, म्हणजे माधवची बायको, एकदम आभाळात काहीतरी शोधायला लागली.

बाईंनी नेमकं दुखण्यावर बोट ठेवलं होतं. वर्षभर माधवचा उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं मुकी झाली होती. अनामिका अर्धवट. धड शाबूत होती ती करंगळीच, आणि तिच्या जिवावर सगळं नाटक चाललेलं. अलिबागच्या डॉक्टर म्हणाल्या होत्या, मनगटात नस दाबली गेलीय, वरचा पट्टा कापून मोकळी करू. तेव्हापासून माधव अलिबागचं नाव काढलं तरी खोकायला लागायचा. नस ती. सुरी जरा सरकली तर? हातात एवढी एकच विद्या, तीही गेली तर मग उरलं काय?

"घाबरतोस," बाई म्हणाल्या.

"मी? हॅ!"

"मग लाव पैज. ऑपरेशन करून ये. तीन महिन्यांनी डोळे बांधून दहा सुपाऱ्या ओळखायच्या. करंगळीला मनाई. दहाच्या दहा बरोबर आल्या तर तुला विरीवर बसवून समुद्रापर्यंत मी ओढीन. एक जरी चुकली, तर मी बसणार आणि तू ओढणार."

पोफळीची झावळी गळून पडते ना, तिचं बुडाचं रुंद, चामड्यासारखं आवरण म्हणजे विरी. पोरं तिच्यावर बसतात आणि एकमेकांना ओढत नेतात. बाईंना त्या विरीवर बघायचं म्हणून तोवर अख्खी आळी कुंपणाशी जमली होती. आता माघार घेतली असती तर माधवला गाव सोडावं लागलं असतं.

अलिबागला डॉक्टर इराने हात बधिर करायला त्याच्या बगलेत सुई दिली. पोरगी तिशीतली, हसरी. हात पडद्याआड गेला. हळूहळू तो जड झाला, मग ऊन ऊन झाला, आणि मग चक्क उठून वर निघाला.

"डॉक्टर, माझा हात वर चाललाय."

"नाही हो काका, टेबलावरच आहे. झोपलाय तो. मेंदूला त्याचा पत्ता लागत नाहीये, म्हणून त्याला वाटेल तिथे ठेवून देतो."

पण माधव मिटल्या डोळ्यांनी स्पष्ट बघत होता. हात खिडकीतून बाहेर पडला. काशीदच्या सुरूंवरून सरकत, शेंड्यांना गुदगुल्या करत चालला. दिघीची खाडी त्याने बिनतिकिटाची ओलांडली. मग माधवच्या बागेत उतरला आणि एकेका पोफळीच्या शेंड्यावर बसून घोस कुरवाळायला लागला, मांजरीने आपली पिल्लं चाटावी तसा. खाली पाटात पाणी चाललं होतं, आवाज न करता.

"झालं, काका."

"एवढ्यात? अहो थांबा, तो अजून बागेत आहे!"

"येईल संध्याकाळपर्यंत," इरा म्हणाली.

आला खरा, पण ठणका घेऊन आला. हात उशीवर उंच ठेवायचा, बोटं मिटायची, उघडायची. दोन आठवड्यांनी टाके निघाले. रात्री झोपेत हाताला यायच्या त्या मुंग्या थांबल्या, पण तळव्याचं बूड दुखायचं, टॉवेल पिळवेना, आणि ती तीन बोटं मात्र कापसात गुंडाळल्यासारखीच.

"नस वर्षभर दाबलेली होती, काका," इरा फोनवर म्हणाली. "मुंगीच्या पावलाने जागी होते. पूर्ण होईल, किंवा थोडं राहील. खोटं नाही सांगणार."

त्या दिवशी माधवने कोणाची चप्पल हलवली नाही.

रोज दुपारी तो बागेत आडवा व्हायचा आणि हात पाटात सोडायचा. करंगळीला गार लागायचं, ती तीन गप्प. वर झावळ्या डुलायच्या, उन्हाचे कवडसे पाण्यात उतरायचे, आणि पेंगता पेंगता त्याला वाटायचं, खरा हात अजून त्या शेंड्यावरच बसलाय, हा कोणीतरी बदली पाठवलाय. एका दुपारी मधलं बोट हळूच म्हणालं, गार. माधव उठला नाही. उठलो तर पळून जाईल, म्हणून तसाच पडून राहिला.

तीन महिने झाले. इराने हाताला सगळी कामं करायची परवानगी दिली. अंगणात माणसं मावेनात. बाईंनी आपल्या हाताने त्याचे डोळे बांधले.

एक, चांगली. दोन, किडकी. नऊपर्यंत सगळ्या बरोबर. दहावी अंगठ्याखाली फिरली. गुळगुळीत वाटली. कुठेतरी काहीतरी होतं, की नव्हतं? करंगळी सवयीने पुढे सरकली. एवढ्या गर्दीत कोणाच्या लक्षात आलं नसतं. आलं असतं तरी माधवने थाप मारली असती. पण त्याला स्वतःलाच जाणून घ्यायचं होतं. त्याने करंगळी मुडपून घेतली.

"चांगली."

"किडकी!" बाई ओरडल्या. आळीने शिट्ट्या मारल्या.

बाई छत्री उघडून, पदर खोचून विरीवर बसल्या. "शेंडा धर. आणि हळू, माझी कंबर सत्तर वर्षांची आहे."

माधवने दोन्ही हातांनी झावळी पकडली आणि ओढली. मागे आळी, पुढे कुत्री. मूठ सुटली नाही. नाक्यावर नाही, वाळूत चाक रुतावं तशी विरी रुतली तेव्हाही नाही. समुद्र दिसला आणि माधव एकदम थांबला.

"काय रे, दमलास?"

"बाई, कुसळ गेलं. अंगठ्यात." तो अंगठ्याकडे बघतच राहिला. "दुखतंय!"

"मग काढ की."

"राहू दे थोडा वेळ," माधव म्हणाला, आणि झावळी आणखी घट्ट धरून त्याने बाईंना थेट लाटेत नेलं.