डाव्या पंखातली टाकी

मित्रांनो, मी एका घरगुती विमानाच्या डाव्या पंखातली जुनी पेट्रोलची टाकी आहे. माझा स्वभाव संशयी आहे. तो मला जन्मतःच मिळाला.

रामकिसनभाऊ कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि उस्मानपुऱ्यातल्या शेडमध्ये विमान बांधू लागले. टाक्यांसाठी त्यांनी कूलर बनवणाऱ्या चांदपाशाला बोलावलं. त्यानं मला पंखाच्या आकाराची केली, पेट्रोल हिंदकळू नये म्हणून पोटात आडवे पत्रे बसवले आणि झाकणाला बारीक भोक पाडलं.

"चांगल्या झाकणाला भोक कशाला?" भाऊंच्या पत्नी आशाबाईंनी विचारलं.

"वहिनी, पेट्रोल उतरंल तेवढी हवा आत याया पाहिजे. नायतर इंजिन उपाशी मरंल."

मग त्यानं माझ्या तोंडाला फुगा बांधून आत हवा भरली. फुगा दिवसभर टम्म राहिला, म्हणजे मी कुठं गळत नव्हते. तरी चांदपाशा म्हणाला, "हा फुगाच खोटं बोलत असंल."

पंखात बसल्यावर मीही नजर ठेवू लागले. उजवी टाकी हुबेहूब माझ्यासारखी दिसते. हे साधं लक्षण नाही. शिवाय एक कुंभारमाशी चिखल घेऊन माझ्या झाकणाभोवती घुटमळायची.

दसऱ्याला विमान देवगाव रंगारीच्या माळावर नेलं. आशाबाईंनी पूजा केली. उजव्या टाकीला टिकली लावली, मला झाकणावर चांगला जाड, ओला टिळा. मी फुगून गेले.

भाऊ आत बसले, तोच चांदपाशानं पंख धरला. "आधी वीस मिनिटं इंजिन जमिनीवरच चालवून बघा."

"अरे, मुहूर्त टळंल!"

"मुहूर्त पुढच्या वर्षीबी येईल, भाऊ. तुम्ही याल का?"

इंजिन माझ्यातल्या पेट्रोलवर सुरू झालं. ऊन तापलं होतं, टिळा खडखडीत वाळला. बाराव्या मिनिटाला माझे गाल आत ओढले गेले. मी आधी उजव्या टाकीवर संशय घेतला, मग माशीवर. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. हवेत असतो तर खाली कपाशी होती. कपाशी फक्त दिसायला मऊ असते.

चांदपाशानं तारेनं झाकणाच्या भोकात वाळलेलं कुंकू टोकरलं. मी फुस्सकन श्वास घेतला. सगळे आशाबाईंकडं बघू लागले.

"मग इमानाचं कपाळ कुठं असतं, ते आधी सांगायचं व्हतं!" त्या म्हणाल्या.

चांदपाशानं खडू घेतला आणि झाकणापासून हातभर लांब पंखावर एक गोल काढला. आशाबाईंनी तिथं पुन्हा कुंकू लावलं. वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजली. मग भाऊ उडाले, माळाला दोन चकरा मारल्या आणि हसत उतरले.

मित्रांनो, माझ्या गालाला अजून पोचा आहे. मला कितीही नटवा, पण उडण्याआधी माझं भोक मोकळं आहे का, ते बघत जा. आणि पंख धरून ठेवणाऱ्या माणसावर चिडू नका. कुंभारमाशीची मी माफी मागितली आहे.

उजव्या टाकीची नाही. तिचं अजून काही सांगता येत नाही.